चुकलेल्या मांडवातली नणंद-भावजय

धुळ्याच्या दिपमालाबाईंचा आवाज गोड आहे, असं त्यांचा नवराही म्हणत नाही. मिरचीची फोडणी एका घरात पडावी आणि ठसका चार घरांना लागावा, तसा तो आवाज आहे. गोडव्याचं खातं त्यांच्या नणंदेकडे, रूपाकडे. एकीचा ठसका, दुसरीची साखर आणि दोघींमध्ये एक ढोलकी, एवढ्या भांडवलावर ही जोडी चोपड्यापासून साक्रीपर्यंत हळदी गाजवत फिरते. मॅनेजर नाही, बॅनर नाही. फक्त एक जुनी ओम्नी आणि ती चालवणारा नवल. तो एकीचा नवरा, दुसरीचा भाऊ आणि दोघींचा हक्काचा अपराधी.

दिपमालाबाई ढोलकी शिकल्या त्या साक्रीकडच्या माहेरी, लग्नघरातल्या उपड्या घागरीवर. ढोलकी बायकांनी वाजवायची नसते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं म्हणे. पण त्या वेळी त्या वाजवत होत्या, त्यामुळे ऐकू आलं नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नात करवली रूपाने गाण्यातून नवरीच्या माहेराची टिंगल सुरू केली. नवरीने खाली मान घालून दोन कडवी सोसली आणि तिसऱ्याला मुंडावळ्या बाजूला सारून सासरची अशी काही धुलाई केली की वऱ्हाड जेवायचं विसरलं. जोडी जमली ती त्या दिवशी. नवलचंही लग्न त्याच दिवशी लागलं, पण त्याची एवढी चर्चा झाली नाही.

त्यांची रीत ठरलेली. एक वराची बाजू घेते, दुसरी वधूची, आणि व्याही-विहिणींची नावं घेऊन थट्टा करतात. त्यासाठी यजमानाला आधी फोन करून माहिती काढायची: व्याह्यांचं नाव काय, मिशा आहेत का, चहा बशीतून पितात का? आपल्याकडे गाण्यात ज्याची टिंगल झाली तो व्याही लाजत लाजत फुलतो आणि ज्याचं नाव राहिलं तो जेवणात मीठ कमी आहे म्हणून भांडतो.

एवढं सगळं असून धंदा डीजेने खाल्ला होता. त्यात ऑर्केस्ट्रावाले कौतिकशेठ. एकदा चहाच्या टपरीवर ते म्हणाले, "वहिनी, दोन बाया अन एक ढोलकी, कोण बसणार ऐकायला? माझ्या बॅनरखाली या. मागे कोरसमध्ये उभं राहायचं."

"मागे?" दिपमालाबाईंनी कप खाली ठेवला. "भाऊ, मी तं फोटोमा बी मांगे उभी ऱ्हात नही."

"मग पारोळ्याला बघू. तिथे तुमची हळद आहे, शेजारच्या लॉनवर माझी. तुमच्यापुढून लोक उठले की तुम्ही माझ्या बॅनरखाली. कबूल?"

"कबूल!" रूपाने अडवायला वहिनीचा पदर ओढेपर्यंत शब्द निघून गेला होता.

पारोळ्याच्या त्या संध्याकाळी नवलने ओम्नी थांबवली. खूण सांगितलेली होती: पाटलांचं लग्न, पिवळा मांडव. आता खानदेशात पाटलांचं लग्न आणि हळदीला पिवळा मांडव ही खूण म्हणजे नदीत पाणी दिसेल तिथे थांबा, असं सांगण्यासारखं आहे. दोन लॉन शेजारी, दोन्हीकडे पाटील, दोन्ही मांडव पिवळे. नवलने आत्मविश्वासाने चुकीचा निवडला. तिथे रंगमंचही तयार होता, मोकळा. दोघी थेट चढल्या. ढोलकीवर थाप पडली आणि दिपमालाबाईंनी व्याह्यांना हाक घातली:

"वनाभाऊ उना, काय लई उना?
मोठ्या मिश्या अन रिकामी पिशी लई उना!"

वनाभाऊ आले ते मोठ्या मिशा आणि रिकामी पिशवी घेऊन, असा टोला; पण मांडवात सगळे एकमेकांकडे बघू लागले. कारण या मांडवातल्या व्याह्यांचं नाव होतं सुकदेव. वना नावाचा माणूस तिथे एकच होता आणि तो मांडवामागे चुलीपाशी वांगी भाजत होता. आचारी! जन्मभर दुसऱ्यांच्या हळदींना रांधलं, पण गाण्यात त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. तो झारा हातात घेऊन, राखेच्या तोंडाने, धावता धावताच ठेका धरत मांडवात आला.

"मन्हं नाव लिधं? कोन्ही लिधं?"

रूपाला चूक कळली. ती पुटपुटली, "वहिनी, हाऊ व्याही नही शे व!"

"नाचस तं शे ना? गाय तू!" म्हणत वहिनींनी तिला गायला लावलं.

आणि वनाभाऊ नाचला. झारा फिरवत, मिशा पिळत असा नाचला की सुकदेवनानांना राहवेना. "आचारीनं गानं, अन व्याहीनं काय?" म्हणत तेही उतरले. मग विहीण उतरली. दोघींनी माहिती नसलेल्या माणसांची, नुसतं समोर बघून, अशी काही थट्टा केली की पोट धरून माणसं खुर्च्यांवरून घसरली.

त्याच वेळी दोन माणसं एकदम आली. एक कौतिकशेठ: रंगमंच त्यांच्याच ऑर्केस्ट्राचा होता आणि त्यांची मंडळी वाटेत टायर बदलत बसली होती. दुसऱ्या प्रमिलाबाई, शेजारच्या मांडवातल्या वधूची आई, हळदीच्या हातांनी, संतापलेल्या.

"आमन्या बाया पळाई लयनात का तुम्ही? आमनी हळद सुकी गयी!"

आता घोटाळा सगळ्यांना कळला. दिपमालाबाईंनी जीभ चावली, हात जोडले, ढोलकी गळ्यात अडकवली आणि निघाल्या. पण गाणं अर्धं होतं; ते थांबवायचं कसं? त्या वाजवत चालल्या, रूपा गात चालली. मागे वना झाऱ्यासकट, त्याच्यामागे सुकदेवनाना, विहीण, हळद लावलेली नवरी, पाटावरून उठून. बघता बघता सगळा मांडव उठला आणि वरातीसारखा त्यांच्यामागे निघाला.

कौतिकशेठ फाटकात आडवे झाले. चेहऱ्यावर विजय. "उठले ना लोक! बघा, एकूण एक उठला. पैज मी जिंकलो!"

दिपमालाबाईंनी ढोलकीचा ठेका न तोडता विचारलं, "उठनात, भाऊ. पन चालनात कोना मांगे?"

असा हशा उसळला की कौतिकशेठना बाजूला होण्यावाचून काही उरलं नाही.

दुसऱ्या मांडवात दोन्ही हळदी एकत्र लागल्या. कोणाची हळद कोणाच्या गालाला, याचा हिशेब देवालाही लागला नसता. तिथे मात्र खरे व्याही, खरे वनाभाऊ, खुर्चीत फुगून बसलेले.

"मन्हा नावनी टिंगल त्या आचारीले दी टाकी?" ते गरजले. "माले काय उरनं मंग?"

दिपमालाबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नवाकोरा फेटा, तेल लावलेल्या मिशा, खिशाला तीन पेनं.

"वनाभाऊ," त्या म्हणाल्या, "तुमले तं आखी रात पुरनार नही."

रूपाने सूर लावला, ढोलकी कडाडली, आणि वनाभाऊंनी दोन्ही हातांनी मिशा सावरत खुर्ची आणखी पुढे ओढली.