भावाने दिलेला गुंड

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला जुन्या भांड्यांचा नाद लागला. मोडीत आलेल्या पितळेचा ढीग दिसला की मी दुकानदाराच्या पायरीवरच बसकण मारते. अडकित्ते, चंबू, पानदानं, जडशीळ कुलपं. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये आता पलंगाखालीही जागा उरलेली नाही. यावरून नवऱ्याची कुरकुर चाललेलीच असते.

मागच्या हिवाळ्यात चांदूर बाजारला एका लग्नाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मी हळूच बाजारात सटकले आणि पाणी भरायचा एक पितळी गुंड घेऊन आले. घरी चिंचेने घासला, तेव्हा गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटली. एका बाईचं नाव, तिवस्याकडच्या एका गावाचं नाव आणि खाली ‘बंधूकडून’.

नवऱ्याने चष्मा लावून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. माझ्या छंदात त्याने कधीच रस घेतला नव्हता. पण त्या दिवशी तो म्हणाला, "भावानं देल्ली वस्तू कोनी खुशीनं इकत नाई. चोरीची असन. चाल, जाऊन पाहू."

रविवारी गेलो. गावात नाव सांगताच एका दुकानदाराने निळ्या झेंड्याच्या चौकापलीकडचं घर दाखवलं. अंगणात एक म्हातारी सुपात तूर पाखडत होती. मी गुंड तिच्यापुढे ठेवला. तिने सूप बाजूला सारलं. अक्षरांकडे तिने पाहिलंच नाही. तिचा हात थेट बुडाजवळच्या पोच्यावर गेला.

"नदीवर गोट्यावर आपटला होता," ती हसून म्हणाली. "सासू किती बोलली मले!"

मी येताना मनाशी ठरवलेलं सगळं बोलून टाकलं. "माय, हा तुमचाच आहे. आम्ही परत द्यायला आलोय."

"कावून? चोरीले थोडीच गेला होता. म्याच इकला." तिने पदराने गुंड पुसला. "पोरीले नर्सिंगले घालाचं होतं. भाऊ तवा जिता नोता, नाई तर त्यानंच केलं असतं. मंग म्या म्हटलं, हेबी त्याचंच देनं हाय."

"आणि मुलगी काय म्हणाली?"

"तिले कुठं सांगतलं! गुंड गळते, कासाराकडं डाग लावाले देला, असं सांगतलं. इसरली असन ते आता."

नवरा मान खाली घालून बसला होता. ती मात्र खुशीत होती. मुलगी अकोल्यालाच दवाखान्यात नोकरीला असल्याचं तिने दोनदा सांगितलं. आम्ही कितीही आग्रह केला तरी तिने गुंड ठेवून घेतला नाही. "माह्या दारात नळ हाय आता. देता तर तिले द्या," म्हणाली आणि आमच्यासोबत तुरीची पुरचुंडी बांधून दिली.

त्याच आठवड्यात आमचा निरोप मिळून मुलगी ड्यूटी संपवून आमच्याकडे आली. पंचेचाळिशीची असेल. गुंड पाहताच तिने पर्स खाली ठेवली, गुंड मांडीवर घेतला आणि बुडाजवळच्या पोच्यावरून बोट फिरवलं. मी तिला आईचं बोलणं सांगितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तो गुंड थेंबभरही गळत नव्हता. मीच तर रोज पाणी भरत होते. पण मी विचारलं असतं, तर आईने तो परत आणला असता आणि माझं शिक्षण राहिलं असतं. म्हणून नाही विचारलं. नोकरी लागल्यावर खूप शोधला."

मग ती रडली. नवरा उठून आत गेला. चहा ठेवायचं निमित्त त्याने केलं, पण गॅस पेटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

ती निघाली तेव्हा त्याने पिशवी पुढे केली. तिने नको म्हटलं आणि पांढऱ्या गणवेशावरच गुंड कमरेवर घेऊन ती जिना उतरली.

परवा मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन इथेच झालं. डोळ्याची पट्टी निघाल्यावर दोघी मायलेकी आमच्याकडे जेवायला आल्या. मी हौसेने वांग्याची भाजी केली होती. पहिला घास घेऊन माय म्हणाली, "मास्तरीनबाई, भाजी अळनी झाली," आणि मीठ मागून घेऊन दोन भाकरी जेवली.