साडेचौदा इंच

थोरल्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि माघात मी सायकलवरून पडलो. महाल वस्तीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी दगडी नाली होती. तिच्या कडेवर उजवा गुडघा आपटला आणि वाटीचे दोन तुकडे झाले. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देऊन ते चांदीच्या तारेने जोडले. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर काढलं तेव्हा गुडघा जेमतेम वाकत होता. डॉक्टर म्हणाले, "चालता येईल. यापुढे खुर्चीवर बसत जा."

आमच्या घरात खुर्ची एकच होती, आणि कन्यादान काही खुर्चीवर बसून होत नाही.

थोरले भाऊ, आमचे दादा, गावाकडे शेती पाहत. ते भेटायला आले आणि खाटेशी बसून म्हणाले, "मी आन् तुझी वहिनी बसतो गा कन्यादानाले. तुले काहून तरास?" त्यांना मुलगी नव्हती. ते मनापासून बोलत होते. पाणी घेऊन आलेली मुलगी पेला ठेवून आत गेली. संध्याकाळी आईला एवढंच म्हणाली, "बाबा बसणार नसतील तर लग्न पुढच्या वर्षी करा."

पुढच्या वर्षी करणं शक्य नव्हतं. मुलाकडच्यांना घाई होती.

दवाखान्यातर्फे घरोघरी जाऊन रोग्यांना पाहणाऱ्या एक नर्सबाई होत्या. वऱ्हाडातल्या, ख्रिस्ती, वयाने माझ्याएवढ्याच. सीताबर्डीहून जुम्मा तलावाच्या काठाने पायी येत, आठवड्यातून तीनदा. आमच्याकडे त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असे. ते लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, "चालणं तर होईल जी. पण तुम्हाले हा पाय कशासाठी पाहिजे, ते सांगा."

असं मला कोणी विचारलं नव्हतं. मी लग्नाचं सांगितलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे भिंतीला पाट टेकून ठेवले होते.

"पाट किती हायेत घरात?"

"दोन."

"मंग शेजारी मांगा. सात तरी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाच पाट आले. आमच्या गल्लीत पाटांवर पितळी चुका ठोकून नावाची अक्षरं काढलेली असत, कारण लग्नामुंजीत ते घरोघर फिरत आणि नंतर ओळखू आले पाहिजेत. शेजारच्या काकूंनी तर सोवळ्यातला पाट आणला. माझ्या पत्नीला म्हणाल्या, "घे वं. धुतला का झालं. फक्त त्याले म्हण, बसताना आपटू नको. माहेरचा हाय."

नर्सबाईंनी पाट एकावर एक रचून चऱ्हाटाने बांधले. मी मोजणीच्या कचेरीत कारकून. फूटपट्टी लावून पाहिली. सगळ्यांत जाड पाट पावणेतीन इंच, सगळ्यांत पातळ सव्वा इंच, एकूण उंची साडेचौदा इंच. त्यावर बसायचं, पाय जवळ घ्यायचे, आणि जमेल तेव्हा एक पाट काढायचा. त्याआधी गरम पाण्याचा शेक. ते पाणी रोज सकाळी काकूंच्या चुलीवरून येई, कारण आमच्या चुलीवर तेव्हा धाकट्या मुलांच्या शाळेची घाई असे. संध्याकाळी समोरचे मास्तर हात धरून मला विहिरीपर्यंत नेत. जायला बासष्ट पावलं, यायला सत्तर.

लग्नाला एक्कावन्न दिवस होते. सात पाट, एकेकाला सात दिवस. दोन दिवस हाताशी शिल्लक. मी हे कागदावर मांडून भिंतीला लावलं. नर्सबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "गुडघ्याले दाखवलं का हे?"

पहिले तीन पाट सोळा दिवसांतच गेले. निघालेला पाट पत्नी धुऊन ज्याच्या त्याच्या घरी पोचवी, आणि त्या घरची बाई दारातूनच ओरडून विचारी, "कितवा?" चौथ्या पाटाने तेरा दिवस घेतले. पाचव्याने अठरा. लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा माझ्याखाली दोन पाट होते. गुडघा सुजला होता. मी कागद काढून टाकला आणि पत्नीला म्हणालो, "दादांना निरोप पाठव. ते बसतील."

त्या दुपारी नर्सबाई आल्या. "काय झालं जी? तोंड असं काहून?"

"दोन पाट राहिले. चार दिवसांत जमिनीवर येत नाही मी."

त्यांनी पत्नीकडे पाहिलं. "मांडवात नवरीच्या बापाले जमिनीवर बसवता का वं तुम्ही?"

पत्नी पदर तोंडाला लावून हसत सुटली. कन्यादानाला पाटावरच बसतात. चाळीस वर्षांत मी शंभर लग्नं पाहिली असतील, आणि हिशेब मात्र शून्यापर्यंत केला होता. काढायचा राहिला होता तो एकच पाट. तो चौथ्या दिवशी सकाळी निघाला.

मी कन्यादानाला बसलो. सरावात कधी पंचवीस मिनिटांच्या वर बसलो नव्हतो. मांडवात एक तास दहा मिनिटं झाली. मुलीच्या हातावर मी पाणी सोडलं.

विधी संपला आणि उठता येईना. बसायचं सगळं शिकलो होतो; खालून उठताना रोज मास्तर ओढून काढत. आता दादांनी बगलेत हात घातले, भटजींनी दंड धरला, पण गुडघ्यातून अशी कळ निघाली की मी ओरडलो. वाजंत्री थांबली. वरमाय मान उंच करून पाहू लागली.

मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या नर्सबाई मोठ्याने म्हणाल्या, "ओढू नका जी! जसे उतरले तसेच चढतील. पाट आणा!"

पंगतीसाठी मागवलेले पाट मांडवातच होते, गल्लीतले तेच. काकूंनी आपला पाट स्वतः आणला. मी हातांवर भार देऊन अंग उचललं आणि तो माझ्या पाटावर, माझ्याखाली सरकवला. मग तसाच तिसरा, मग चौथा. दादा पाट धरून होते. "दोन! तीन! उचल अंग गा, घाबरू नको!" गल्लीतल्या बायका मोजू लागल्या, मग वऱ्हाडीही मोजू लागले. सातव्या पाटावरून मी आपल्या पायावर उभा राहिलो. मुलगी मुंडावळ्यांतून पाहत होती आणि हसत होती.

पंगतीत नर्सबाईंना काकूंनी आपल्या शेजारी बसवलं. त्याच माहेरच्या पाटावर.

नर्सबाईंची पुढे बदली झाली. गल्लीतली निम्मी घरं आता बदलली आहेत. गुडघा थंडीत कुरकुरतो, एवढंच. मुलीकडे जेवायला गेलो की ती माझ्या पानाशी दोन पाट एकावर एक ठेवते. आता एकावर बसून आपलं आपण उठताही येतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.