‘निघालोच’ची सोय

आळेफाट्याचा नवनाथ मिस्त्री विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. फोनवर ‘निघालोच’ म्हणायचा आणि मग आंघोळीला जायचा.

त्याची बायको तेजस्विनी घरूनच वेबसाइटी बनवायची. तिनं गिऱ्हाइकांना बघायला त्याचीही एक बनवली. तिच्यावर प्रत्येक काम एका वेळी एकाच अवस्थेत दिसणार: ‘नोंदलं’, ‘निघाले’, ‘पोचले’, ‘झालं’. उडी नाही, माघार नाही.

पहिल्याच दिवशी नवनाथनं भाकरी मोडता मोडता सवयीनं ‘निघाले’ दाबलं.

“अगं, मागं घे की ते!”

“न्हाई येत. आता तुम्हाला फक्त पोचता येतंय.”

नवनाथ खवळला. “निघायच्या आधी माणसानं ‘निघालोच’ म्हणायचं कुठं?”

तेजस्विनीनं ‘नोंदलं’ आणि ‘निघाले’ यांच्या मध्ये ‘निघालोच’ घातलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते ऐटीत दाबलं. लगेच मोटार बंद पडलेल्या मढच्या भागुजीबाबांचा फोन आला.

“मिस्त्री, ‘निघालोच’ दिसतंय. आंघोळ उरका सावकाश, तवर मी शेरडं चारून येतो.”