समोरासमोर बसायची होडी

‘यात माणसं बसतात कशी?’

विकणारा इंजिनावरचं प्लास्टिक काढत असायचा, तेवढ्यात ताई हे विचारायच्या. इंजिनाची ताकद, फायबरचं वय, हे सगळं नंतर. आधी चपला काढून त्या आत चढत, एकेका फळीवर बसून बघत. मग मला बसवत आणि म्हणत, ‘तुला माझं तोंड दिसतंय का?’

खाडीकाठी राहत असाल, तर होडी घेणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. कुणी मासेमारीला घेतं, कुणी पर्यटकांना फिरवायला. पण निवृत्त हेडक्लार्क बाई आईला घेऊन खाडीत फिरायला होडी शोधतेय, हे मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी देवरुखच्या पुढच्या एका वाडीतला, घरातला पहिला पदवीधर. रत्नागिरीच्या कचेरीत लागलो तेव्हा ताईंनी माझा पहिला मसुदा लाल पेनाने इतका रंगवला की मी पडलेल्या तोंडाने उभा राहिलो. ‘बस. माझा पहिला याहून वाईट होता,’ त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या डब्यातली भाकरी पुढे केली. आज चार ओळी सरळ लिहितो ते त्यांच्यामुळे.

त्या निवृत्त झाल्या आणि आमचे रविवार होड्या बघण्यात जाऊ लागले. त्यांना स्कूटर येत नव्हती, मला होड्या कळत नव्हत्या. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर आणि पावसात वाहणारा पऱ्या.

भाट्याला एक अरुंद होडी पाहिली. माणसं एकामागे एक बसायची. ‘मागच्याने काय बघायचं? पुढच्याची मान?’ ताई उतरल्या. मिरकरवाड्याला एक वेगवान बोट होती, पांढरी, चकचकीत. मला फार आवडली.

‘समुद्रात एक नंबर जाईल, ताई.’

‘समुद्रात जायचंच नाहीये. खाडीतून आत, आईच्या माहेरापर्यंत. तिथे ओहोटीला ही चिखलात रुतेल. आणि हिचा काठ बघ, केवढा उंच. माझी आई चढणार कशी, उडी मारून?’

असे कितीतरी नकार झाले. शेवटी एकजण वैतागला. ‘ताई, होडी बघताय की स्थळ?’

‘स्थळ असतं तर एव्हाना तडजोड केली असती,’ ताई शांतपणे म्हणाल्या.

मलाही वाटू लागलं होतं की यांना होडी घ्यायचीच नाही, नुसतं बघायचंय. एकदा जयगडहून परतताना हातखंब्याला चहाला थांबलो, तेव्हा तसं बोलूनही गेलो. ताईंनी ग्लास खाली ठेवला.

‘आईचं माहेर खाडीपलीकडे. पूल नव्हता तेव्हा माणसं पलीकडे नेणारी होडी चालायची. सगळे चढले की मग आम्हाला घ्यायचे. जागा ठरलेली, एकदम मागे, खाली, पाणी साचायचं तिथे. आमच्या घराने धम्म स्वीकारला, पण ती जागा काही लगेच बदलली नाही. एके दिवशी आईने त्या होडीत बसणंच सोडलं. माहेरी जायची ती लांबच्या रस्त्याने, पायी. पुढे एसटीने. मला तिला एकदा पाण्यातून न्यायचंय. सगळ्यांच्या बरोबरीने बसून.’

त्यानंतर मी घाई केली नाही.

होडी मिळाली ती एका बंद पडलेल्या हॉटेलची. सपाट बुडाची, बुटक्या काठाची, दोन्ही टोकांना सारखीच रुंद, आणि दोन्ही बाजूंना लांब बाक. चालायची बैलगाडीसारखी. ताईंनी मला समोर बसवलं, माझ्याकडे पाहिलं आणि विकणाऱ्याला म्हणाल्या, ‘हीच.’

ताई गेल्या पावसाळ्यात गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. मला आठवतो तो होडीचा पहिला दिवस.

भरती लागली होती. राजिवड्याचे मामू होडी चालवायला आले होते. ताईंच्या आई नवी साडी नेसून आल्या, आत चढल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत सरळ मागे गेल्या. इंजिनापाशी, खाली, तळावर अंग चोरून बसल्या.

‘आई, वर बस. बाकावर.’

‘ऱ्हाऊ दे गो बाय. हितंच बरं हाय मला.’

ताईंनी पुन्हा आग्रह केला नाही. मामूंकडे वळून म्हणाल्या, ‘मामू, इंजिन वर उचला. वल्ही घ्या. आज ही बाजू पुढे.’

‘उलटी न्यायची?’

‘उलटी कशी? आई बसलीय ना इथे.’

मामूंनी एकदा आईंकडे पाहिलं आणि वल्ही घेतली. होडी पाठीकडून निघाली. काठावर जाळं झाडणारा एकजण ओरडला, ‘मामू, तोंड खयचं नि शेपूट खयचं, विसरलात काय?’

‘मालकिणीला विचार,’ मामू म्हणाले.

खाडीच्या वळणानंतर माहेरचे माड दिसू लागले. आईंनी आधी मान उंच केली. मग एक हात बाकावर टेकला. मग आपणहूनच वर सरकून बसल्या. आम्ही तिघेही दुसरीकडेच बघत राहिलो.

धक्क्याला होडीचं तेच टोक आधी लागलं, म्हणून सगळ्यांत आधी आईच उतरल्या. पाय घट्ट रोवून वळल्या आणि हात पुढे केला. ‘दमानं गो, शेवाळ हाय.’

ताईंनी तो हात धरला, आणि उतरून झाल्यावरही बराच वेळ सोडला नाही.