सीमंतिनीची ओटी

सीमंतिनीला मी पाहण्याआधी ऐकलं. स्टेशनाजवळच्या पडाव भागात माझं बॅगांचं दुकान, वरच्या मजल्यावर प्रार्थनेची खोली. एका रविवारी वर असं काही गीत सुरू झालं, की शोकेसमधल्या सुटकेसा आपोआप उघडल्या आणि स्टेशनात उभी असलेली गाडी शिट्टी समजून सुटली. तक्रार करायला धावत जिना चढलो, तर त्या आवाजाखाली जेमतेम पावणेपाच फुटांची एक बाई!

"हिला जरा हळू गायला सांगा," मी पाळकांच्या पत्नी सुमनताईंना म्हणालो.

"नाही सांगणार. नऊ वर्षं हळूच बोलत होती ती. टीव्हीपेक्षा आवाज वर गेला की नवरा मारायचा. घर सोडून इथे आली तेव्हा सहा महिने नुसते ओठ हलायचे. येशूने दिलाय हा आवाज परत. तुम्ही कानात कापूस घाला, भाऊ."

घातला. पुढच्या रविवारपासून वरच जाऊन बसू लागलो, कापसासकट.

मग एकदा प्रार्थना संपता संपता तिच्या सासूबाई, विजयाबाई, खण, तांदूळ, नारळ घेऊन वर आल्या. मागे नवरा समरजीत, दाढी करून सज्जन झालेला. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठ्यांत रुसलेल्या सुनेची सासूने ओटी भरली, की सून मुकाट्याने घरी जाते. सीमंतिनीने पदर पुढे केला. मी कानातला कापूस काढला. सुमनताईंनी डोळे मिटले.

"चलो, बहुत हुआ," समरजीत म्हणाला.

सीमंतिनी सासूकडे वळली. "येते म्हणा कधीमधी, आईसाहेब. राहायला नाही."

"अगं, ओटी घेतलीस की!"

"तुम्ही हौसेनं आणलीत, नाही कसं म्हणू? पण मार खायला देवानं मला उभं नाही केलं."

"तुम्हारा येशू माफ करना नहीं सिखाता?" समरजीतने विचारलं.

"शिकवतो ना! दर रविवारी माफ करते तुम्हाला. इथूनच. घरपोच."

आख्खी खोली खिदळली. चिडलेल्या विजयाबाईंनी नारळ परत मागितला, पण सुमनताईंनी तोवर तो फोडलासुद्धा होता. खोबरं सगळ्यांना वाटलं. समरजीतनेही दोन तुकडे खाल्ले.

घटस्फोटाला चार वर्षं लागली. निकालानंतर तीन महिन्यांनी समरजीतने दुसरं लग्न केलं.