मांजर लाईनवर आहे

त्या मांजरीनं माझ्या नाकीनऊ आणले होते. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या आमच्या घरामागच्या बागेत मी छोट्या आगगाडीचे रूळ टाकत होतो. मी हातभर रूळ टाकून खाली बारीक गिट्टी पसरली, की ही बया पाठोपाठ येऊन ती उकरायची. एवढी मोठी बाग, पण बाईसाहेबांना शी करायला तीच जागा हवी! रोज सकाळी मी नाक दाबून खडी धुवायचो आणि तिला शिव्या घालायचो.

हौस म्हणून करत नव्हतो हो. माझे वडील छोट्या लाईनवर गार्ड होते. ग्वाल्हेरहून श्योपूरला जायची ती अरुंद रुळांची गाडी कधीच बंद झाली. पावसाळ्यात बाबा अंगणात घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण बाबा उभं राहायला तयार नाहीत. डॉक्टरांनी बजावलं, "आत्ता उठले नाहीत, तर पुढे उठणार नाहीत." विनवण्या झाल्या, भांडणं झाली. वॉकरवर टॉवेल वाळत पडले. बाबांचं एकच, "रहने दे, अब कहाँ जाना है?" दिवसभर पलंगावर, आणि पायाशी ती मांजर.

मग मला गाडी सुचली. बाबा आयुष्यभर उभं राहून झेंडी दाखवत आले, म्हटलं गाडी बघून तरी उठतील. इंजिन मागवलं, नई सडकेवर चार दुकानं पालथी घालून तारा आणि स्विच आणले. अमरूदाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाला वळसा दिला, मातीच्या फुटक्या नळ्याचा बोगदा केला.

थंडीतल्या एका सकाळी बाबांना चाकाच्या खुर्चीतून झाडाखाली आणलं, हातात हिरवी झेंडी दिली. बघतो तर मांजर बोगद्यापुढे रुळांवर आडवी. खडी उन्हानं तापते ना, महाराणींना शेक हवा! मी तिला उचलायला गेलो, तर बाबा कडाडले, "हात नको लावू. लाईनवर जनावर आहे. आपणहून उठेल, तेव्हा गाडी सुटेल."

म्हणे छोट्या लाईनवर असंच असायचं. म्हैस आडवी आली की गाडी उभी, लोक खाली उतरून चणे खात बसायचे. मी कपाळावर हात मारला. झेंडी मांडीवर, बाबा खुर्चीत, मांजर ढिम्म.

दुसऱ्या दिवशी तेच. मग एकदा मी मांजरीला बाथरूममध्ये कोंडलं. तिनं असा काही आकांत मांडला, की बाबा खोलीबाहेरच यायला तयार होईनात. बायको म्हणाली, "अहो, गाडी बाबांसाठी आहे की तुमच्यासाठी?" अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

रविवारी पुन्हा तीच मांजर, तीच जागा. "बस झालं आता!" मी ओरडलो आणि बटण दाबलं. इंजिन खडखडत झाडाला वळसा घालून सरळ तिच्याकडे निघालं.

"रोक! गाडी रोक!"

मी वळून पाहिलं. बाबा उभे होते. एका हातानं अमरूदाची फांदी धरलेली, दुसरा हात वर, पाय लटपटत होते. मी बटण बंद केलं. इंजिन मांजरीच्या शेपटीपाशी थांबलं. तिनं एक डोळा उघडला आणि परत मिटला.

"झेंडी दाखवली होती मी?" बाबा रागानं थरथरत होते. "गार्ड कोण आहे इथे? तू की मी?"

"तुम्ही, बाबा."

बायको वॉकर आणायला धावली. आपण उभे आहोत, याचं बाबांना भानच नव्हतं. ते उभ्या उभ्या मला झापत होते, सिग्नल काय असतो, जनावराचा जीव काय असतो, सगळं पहिल्यापासून. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मनात देवाला एकच विनवत होतो, ही मांजर इतक्यात उठू देऊ नकोस.