घरमालकांचं तिसरं पेडल

धडधाकट चालणारी वस्तू उघडून, तिचा जीव घेऊन, मग तिला पुन्हा जिवंत करण्यात आमच्या घरमालकांचा हात धरणारा माणूस कर्जतपासून खालापूरपर्यंत सापडायचा नाही. बिघडलेल्या वस्तूंत त्यांना रस नाही, त्या काय कुणीही दुरुस्त करतं. भिवपुरीच्या वीजघरात उभा जन्म गेल्यामुळे असेल, पण जी वस्तू आपलं आपण काम करते तिच्यावर त्यांचा भारी राग. मी वरच्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा मोठ्या उत्साहानं पाण्याच्या टाकीला आपोआप बंद होणारा स्विच बसवला. दुसऱ्या दिवशी तो कागदात गुंडाळून माझ्या दारात ठेवलेला. "भाडेकरू," ते म्हणाले (माझं नाव त्यांनी आजवर घेतलेलं नाही), "टाकी भरली का नाय ते मानसानं जिना चढून बघायचं. तेवढीच वरच्याची खालच्याशी गाठ पडते." दाराची बेल तर त्यांनी स्वतःच उपटून टाकली आहे, ज्याचं काम असेल त्यानं हाक मारावी. बँकेला फोन लावल्यावर ती ध्वनिमुद्रित बाई बोलू लागली की ते तिला आधी "जेवलात का?" म्हणून विचारतात, आणि ती उत्तर देत नाही म्हणून रागानं फोन ठेवतात.

अशा माणसाच्या अंगणात आपोआप गिअर बदलणारी गाडी उभी असावी, याचं कारण काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी. मुंबईतल्या कुणा शेठच्या बंगल्यात धूळ खात पडलेली ती जुनी परदेशी गाडी काकूंना रंगासाठी आवडली. पिस्त्यासारखा फिकट हिरवा रंग. तिला क्लच नाही हे घरी आणल्यावर कळलं. घरमालकांनी पहिले दोन दिवस डाव्या पायानं नसलेला क्लच दाबला, शिव्या घातल्या, आणि मग ते त्या गाडीवर लट्टू झाले. दर रविवारी दोघं चौकापर्यंत जायची, उसाचा रस प्यायची आणि परत यायची. गाडी इतकी सावकाश जायची की मागचे टेंपोवाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे.

काकू गेल्या तशी गाडी ताडपत्रीखाली गेली. घरमालक बोलेनासे झाले. पुण्याहून त्यांची मुलगी सारखी फोन करायची, "बाबा, गाडी विका आणि इकडे या, एकटे राहू नका." एकदा त्यांनी हिय्या करून गाडी बाहेर काढली, पण पेट्रोलपंपाच्या पुढे काही गेली नाही. परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला सांगितलं, "दिवाळीपावतर गाडी चौकापर्यंत नेऊन आनली तर मी हितंच राहनार. नाय नेता आली तर इकतो आनि येतो तुझ्याकडं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीखाली सतरंजी अंथरली आणि गिअरबॉक्स उतरवायला घेतला.

सगळ्यांना वाटलं, गिअरबॉक्स गेला. नाक्यावरचा मेकॅनिक येऊन बघून गेला आणि चक्रावला. "काका, ह्यो तर लोन्यावानी चालतोय. कशाला काढताय?" घरमालक म्हणाले, "चालतोय म्हनूनच." त्याला वाटलं, दुःखानं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

मग भंगारातून एका जीपचा हातानं बदलायचा गिअरबॉक्स आला. तो आणि इंजिन यांची सोयरीक जमेना, म्हणून मोहोपाड्याच्या एका लेथवाल्याकडून दोघांच्या मध्ये बसणारी जाड प्लेट करून आणली. गिअरचा दांडा वर यावा म्हणून गाडीच्या तळाला भोक पाडलं. हे सगळं घरमालकांनी एकट्यानं केलं. अडलं ते क्लचपाशी. पायाशी तिसरं पेडल बसलं, त्याच्यापासून खाली क्लचपर्यंत जाणारी सळई बसली, पण तिची लांबी जुळवायची तर एक माणूस खाली आणि एक वर लागतो. आणि घरात माणूस एकच.

तेव्हापासून आमच्या फाटकातून आत आलेला कोणीही पेडल दाबल्याशिवाय परत गेला नाही. गॅसवाल्यानं दाबलं, मतदारयादी तपासायला आलेल्या बाईंनी पर्स सांभाळत दाबलं, शेजारच्या सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी सोवळं सावरून दाबलं. खालून हुकूम सुटायचे, "दाबा! आता सोडा. अर्धं सोडा. गुरुजी, अर्धं म्हंजे अर्धं!" मी तर घरचाच. ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आधी हाक यायची, "भाडेकरू, पाय द्या!" सळई लांब झाली तर क्लच घसरायचा, आखूड झाली तर सुटायचाच नाही. असा न सुटलेला क्लच ठेवून त्यांनी एकदा गिअरमध्येच गाडी चालू केली, आणि ती टुणकन उडी मारून अंगणातल्या शेवग्यावर आदळली. टपावर शेवग्याच्या फुलांचा सडा पडला. मी धावलो, तर घरमालक आत बसून हसत होते. काकू गेल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "बघितलं? पकडतोय!"

दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी चाकाखाली लिंबू ठेवून, नारळ फोडून आम्ही दोघं चौकाला निघालो. पहिला, दुसरा, तिसरा. पेट्रोलपंप मागे पडला तेव्हा त्यांनी लांब श्वास सोडला. पुढे सरळ रस्ता लागला, चौथा पडला, आणि गाडी सुरेख चालू लागली. काही वेळ त्यांचा डावा हात दांड्यावर होता. मग तो अलगद निघाला आणि माझ्या मनगटावर येऊन बसला.

तापलेला तवा लागावा तसा त्यांनी तो मागे घेतला.

"माफ करा हां," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. मग हात पुन्हा दांड्यावर ठेवून बोलले, "बिनक्लचच्या गाडीत डाव्या हाताला काम नसतं. ही होती तवा हात हिच्याच हातावर असायचा. त्या दिवशी पंपाजवळ तसाच गेला, तर नुसती सीट लागली. पुढं जाववंना. म्हटलं, हाताला काय तरी धरायला देऊ."

रस्ता मोकळा होता. त्यांनी काहीही कारण नसताना क्लच दाबला, गाडी तिसऱ्यात आणली. इंजिन कुरकुरलं. मग चौथा, मग पुन्हा तिसरा. चौक येईपर्यंत हेच चाललं होतं.

मुलगी दिवाळीला येऊन एकटीच परत गेली. घरमालक आता दर रविवारी एकटे जातात. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो, "म्हाताऱ्याला गाडी हाकता येत नाय, उगा गिअर खालीवर करतोय." मी त्याला काही सांगत नाही. रविवारी गॅलरीत उभा राहतो. गाडी झाडांआड दिसेनाशी झाल्यावरही गिअर बदलल्याचा आवाज येत राहतो, तिसरा, चौथा, पुन्हा तिसरा, आणि मला फार वाईट वाटतं. तिथून पुढे रस्ता अगदी सरळ आहे.